लोकरीचे सोयरे : शेटलंडमधला एक आठवडा

ब्रिटनचा जुना नकाशा कधी पाहिलात, तर कोपऱ्यात एक चौकट काढून त्यात काही बेटं कोंबलेली दिसतील. ती शेटलंडची बेटं. ती इतकी उत्तरेला आहेत, की नकाशाच्या कागदावर आपल्या जागी मावत नाहीत, म्हणून त्यांना उचलून चौकटीत बसवायची पद्धत पडली. तिथल्या लोकांना याचा मनस्वी राग. शेवटी स्कॉटलंडच्या २०१८ सालच्या बेटांविषयीच्या कायद्यात एक कलमच घातलं गेलं : काही सबळ कारण नसेल, तर सरकारी नकाशात शेटलंड त्याच्या खऱ्या जागीच दाखवायचं.

ही खरी जागा म्हणजे ६० अंश उत्तर अक्षांश. आपलं ग्वाल्हेर २६ अंशांवर आहे, यावरून अंदाज करा. लहानमोठी शंभराच्या आसपास बेटं, त्यातल्या सोळांवर वस्ती. सगळे मिळून तेवीस हजारांच्या आसपास लोक, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या मोहल्ल्याएवढे. झाडं जवळपास नाहीतच. कुठेही उभे राहिलात तरी समुद्र पाच किलोमीटरच्या आत. आणि मेंढ्या मात्र माणसांच्या कित्येक पट.

शेटलंड मूळचं स्कॉटलंडचं नव्हे. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी लावलं, हुंड्याची रक्कम काही जमेना, म्हणून १४६९ मध्ये ही बेटं गहाण ठेवली. रक्कम होती ८,००० फ्लोरिन. ती कधीच फेडली गेली नाही आणि बेटं स्कॉटलंडकडे राहिली. पुढे १६६१ च्या करारात पोर्तुगीजांनी आपली मुंबईही अशीच हुंड्यात इंग्रजांना देऊ केली. पण मुंबई कुठे गेली आणि शेटलंड कुठे राहिलं!

आता मी तिथे काय करत होतो ते सांगतो.

मी लष्करातला. इथेच बी.ई. केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये आलो. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं एडिनबरोला होतो. आणि मी विणतो. स्वेटर, टोप्या, मोजे, सगळं. पुरुष असून विणतो म्हटल्यावर आपल्याकडे लोक आधी हसतात आणि मग हळूच "मला एक मफलर देशील का रे?" असं विचारतात. दोन्हीची सवय आहे.

विणायला शिकवलं आजीने. आजी रत्नागिरीकडची. लग्न होऊन ग्वाल्हेरला येईपर्यंत तिने लोकर हातात धरली नव्हती, कारण कोकणात स्वेटर घालणार कोण आणि कधी? पहिल्याच डिसेंबरात इथल्या थंडीने तिला इंगा दाखवला. शेजारी फाळणीनंतर रावळपिंडीकडून आलेलं एक पंजाबी कुटुंब होतं. त्या घरातल्या बीजींनी तिला सुया दिल्या. आजीला हिंदी येत नव्हतं, बीजींना मराठी येत नव्हतं. दुपारच्या उन्हात गच्चीवर बसून बीजी म्हणायच्या, "इक सीधा, इक उल्टा," आणि आजी म्हणायची, "एक सुलट, एक उलट." एवढ्या भांडवलावर दोघींची चाळीस वर्षं मैत्री टिकली. आजही आमच्या घरात टाक्यांना "फंदे" म्हणतात आणि सुयांना "सलाया". पुण्याच्या नातेवाइकांना ते कळत नाही.

एडिनबरोत पहिले काही महिने मला खूप एकटं वाटत होतं. ऑफिसमध्ये सगळे चांगले वागायचे, पण साडेपाच वाजले की आपापल्या घरी. अशात वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद दिसला : दर बुधवारी संध्याकाळी विणणाऱ्यांची बैठक, कोणीही या. मी अर्धवट मोजा घेऊन गेलो. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर नऊ-दहा बायका आणि एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कोणी मला "कुठून आलास, किती दिवस राहणार, काय काम करतोस" असं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "सुयांवर काय आहे?" मी मोजा दाखवला. तो दोन हातांतून फिरला, टाच उलटसुलट पाहिली गेली, कोणीतरी मान डोलावली, आणि मला खुर्ची मिळाली. नाव, गाव, नोकरी हे सगळं त्यांना पुढच्या तीन बुधवारी, हळूहळू कळलं.

विणकामाच्या मैत्रीची ही तऱ्हा मला फार आवडते. हातात काम असल्यामुळे बोलण्याची सक्ती नसते. गप्प बसलात तरी कोणाला वावगं वाटत नाही, कारण तुम्ही टाके मोजत असाल. बोललात तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही, आणि माणसं अवघड गोष्टीही सहज बोलून जातात. आमच्या बैठकीतल्या एकीने आपल्या आजारपणाची बातमी सर्वांना दिली, ती बाहीचे टाके कमी करता करताच.

या मंडळींनीच सांगितलं, "विणतोस ना? मग एकदा शेटलंडला जाऊन ये."

तिथे २०१० पासून दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटाला आठवडाभर 'शेटलंड वूल वीक' भरतो. जगभरातून विणणारे येतात. त्यासाठी एक गमतीची प्रथा आहे. दर वर्षी काही महिने आधी एका नव्या टोपीचा नमुना फुकट जाहीर होतो. ज्याला यायचं आहे त्याने ती टोपी आपल्याला हव्या त्या रंगांत विणायची आणि घालून यायचं. मीही विणली, करड्यात आणि आपल्या हळदीच्या पिवळ्यात.

ॲबर्डीनहून संध्याकाळी सातला बोट सुटते आणि सकाळी साडेसातला लर्विकला पोचते. रात्रभर उत्तर समुद्र. बोटीच्या बैठकीच्या दालनात गेलो, तर जिकडेतिकडे तीच टोपी! निळी, लाल, शेवाळी, दोन राखी. ओळख करून द्यायचं कामच उरलं नाही. एका टेबलावरून हात वर झाला, लोक सरकले, मला जागा झाली. एक नॉर्वेची नर्स, एक ओसाकाची निवृत्त शिक्षिका, वेल्समधल्या दोघी बहिणी. लाटांवर बोट डुलत होती, लोकरीचे गुंडे टेबलाखाली घरंगळत होते आणि ते पकडून परत देण्यातच निम्म्या ओळखी झाल्या. बारा तासांनी लर्विकला उतरलो तेव्हा मी एकटा प्रवासी राहिलो नव्हतो.

लर्विक म्हणजे जेमतेम सात हजार वस्तीचं राजधानीचं गाव. दगडी घरं, एक अरुंद बाजाररस्ता, काही जुन्या घरांचे पाय थेट समुद्रात. बंदराजवळच्या संग्रहालयात विणकामाचं मोठं दालन आहे. तिथे उन्स्ट या अगदी उत्तरेकडच्या बेटावरच्या बायकांनी विणलेल्या जाळीदार शाली आहेत. एवढ्या तलम, की अख्खी शाल अंगठीतून आरपार जाते. आपण ढाक्याच्या मलमलीची गोष्ट ऐकलेली असते. इथे ती लोकरीत पाहायला मिळते.

गावात लोकरीच्या व्यापाऱ्यांची वखार आहे. आसपासचे शेतकरी कातरलेली लोकर तिथे आणतात आणि जाणकार माणूस हाताने चाचपून तिची प्रत ठरवतो. शेटलंडच्या मेंढीचे मुख्य रंग अकरा आणि अंगावरच्या खुणांचे प्रकार तीस. प्रत्येकाला नाव आहे. तांबूस तपकिरी ती 'मूरिट'. निळसर झाक असलेली राखी ती 'एम्स्केट'. आणि गडद पोलादी करड्या रंगाचं नाव आहे 'शेला'! आपल्या शेल्याशी त्याचं काही नातं नाही, पण ते ऐकून मी त्या वखारीत एकटाच मोठ्याने हसलो आणि त्या रंगाची दोन बंडलं उचलली.

तिसऱ्या दिवशी माझा वर्ग होता, फेअर आयल पद्धतीचा. फेअर आयल हे शेटलंड आणि ऑर्कनीच्या मधलं पन्नास-साठ माणसांचं बेट. तिथल्या रंगीत नक्षीचा स्वेटर १९२२ मध्ये ब्रिटनच्या युवराजाने गोल्फ खेळताना घातला आणि साऱ्या जगात त्याची चाल पडली. नक्षीत पाच-सहा रंग दिसतात, पण गुपित सोपं आहे : एका ओळीत फक्त दोनच रंग. एकाने टाका घालायचा, दुसरा मागून सैलसर न्यायचा. त्यामुळे कापड दुहेरी होतं आणि वारा आत शिरत नाही.

शिकवणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या होत्या. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याच्या उशीसारख्या भागाला भोकं. उजव्या सुईचं टोक त्या भोकात रोवलं, की तो हात मोकळा होतो आणि वेग दुप्पट. विणण्याला तिथल्या बोलीत 'मॅकिन' म्हणतात आणि सुयांना 'वायर्स', म्हणजे तारा. सगळे मिळून विणत गप्पा मारायला बसले, की त्याला म्हणतात 'मॅकिन अँड याकिन'. विणा आणि बडबडा!

त्या वर्गात मी एक दृश्य पाहिलं ते विसरणार नाही. इथे स्वेटर नळीसारखा गोल विणत जातात, आणि पुढून उघडा हवा असेल, तर शेवटी कात्रीने सरळ मधोमध कापतात. महिनोन्‌महिने विणलेलं कापड, आणि त्यात कात्री! शेटलंडची लोकर खरबरीत, तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून टाके उसवत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी हात थरथरतोच. ओसाकाच्या शिक्षिकेचा स्वेटर कापायचा होता. तिला इंग्रजी बेताचंच येत होतं. नॉर्वेच्या नर्सने एक कड धरली, वेल्सच्या मोठ्या बहिणीने दुसरी, बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कात्री वरपर्यंत पोचली तेव्हा खोलीतल्या चौदाही जणांनी एकदम श्वास सोडला. त्या संध्याकाळपासून ती आमच्यातलीच झाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीनला, मी आजीला व्हिडिओ कॉल लावला. सप्टेंबरची अखेर, ग्वाल्हेरला पंखा सुरूच होता. आजीने आधी त्या बाईंचा पट्टा नीट बघून घेतला. मग विचारलं, "अरे, सलाई कितव्या नंबरची आहे?"

मी बाईंना विचारलं. त्यांच्या सुया आईच्या वेळच्या होत्या. त्या म्हणाल्या, "टेन."

"दहा?" आजी म्हणाली. "मग आपलीच की!"

यात योगायोग काही नव्हता. सुयांची ही जुनी ब्रिटिश मापं इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. नंबर वाढत जाईल तशी सुई बारीक. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. ब्रिटनने पुढे मिलिमीटर स्वीकारले, पण तिथल्या आज्यांनी आणि आपल्या आज्यांनी जुने नंबर सोडले नाहीत. पुढची दहा मिनिटं दोघी एकमेकींना विणलेले तुकडे कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होत्या. मी भाषांतर करायला बसलो होतो, पण मला कोणी विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर बाई जे बोलल्या, ते ऐकून मी जरा गप्प झालो. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे याला छंद म्हणता. माझ्या आईला हा शब्द कळला नसता."

शेटलंडमध्ये पुरुष मासेमारीला समुद्रावर असायचे. शेती, गुरं, मुलं आणि विणकाम हे सगळं बायकांकडे. जुन्या छायाचित्रांत बायका पाठीवर पीटने, म्हणजे दलदलीत खणलेल्या जळणाच्या ढेकळांनी, भरलेली टोपली घेऊन चालताना दिसतात आणि चालता चालता त्यांचे हात विणत असतात. एकोणिसाव्या शतकात व्यापारी विणलेल्या मालाचे पैसे रोख देत नसत. चहा, कापड, असलं सामान द्यायचे, आणि भावही तेच ठरवायचे. बाई उपाशी असली तरी तिला पिठाऐवजी कापड घ्यावं लागे. यावर सरकारने चौकशी बसवली. १८७२ मध्ये आयोगापुढे विणणाऱ्या बायकांनी साक्षी दिल्या, त्या आजही वाचायला मिळतात. विसाव्या शतकात रोख पैसे मिळू लागले, पण हात थांबले नाहीत. बाईंची आई रात्री मुलं झोपल्यावर विणायची, सकाळच्या गाडीने माल व्यापाऱ्याकडे जावा म्हणून.

१९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडलं, बेटांवर नोकऱ्या आल्या. बाईंनाही नोकरी लागली. त्यांनी पट्टा माळ्यावर टाकला आणि तीस वर्षं सुईला हात लावला नाही. "मग परत कशा आलात?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "निवृत्त झाले. मैत्रिणी सगळ्या बुधवारी हॉलमध्ये विणायला बसायच्या. मला त्यांच्यात बसायचं होतं."

तेव्हापासून मनात होतं, म्हणून घरी परतल्यावर आजीला विचारलं, "तुला विणायची आवड होती ना गं?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की हे पोर इंजिनिअर कसं झालं! "आवड कसली रे? अकरा माणसांचं घर. दर दोन वर्षांनी स्वेटर उसवायचे, लोकर धुवायची, वाफ द्यायची, परत विणायचे. पण एक सांगू? हातात काही नसतं, तर भर दुपारी सुनेला गच्चीवर कोणी बसू दिलं असतं का? सलाया हातात असल्या की सासूबाई काही म्हणत नसत. बीजीशी बोलायला मिळायचं."

मला शेटलंडच्या आठवड्याचा अर्थ आजीच्या या उत्तराने लागला. ज्यांच्या वाट्याला फुरसत नव्हती, अशा बायकांना मैत्रीसाठी परवाना लागायचा, आणि तो परवाना सुयांनी दिला. लर्विकमध्येही आणि लष्करमध्येही. कामाच्या आडोशाने त्यांनी एकमेकींची सुखदुःखं ऐकली. आपण आज हौसेने विणतो, ती हौस त्यांच्या कष्टांवर उभी आहे हे विसरू नये. पण त्यांनी त्या कष्टांतूनही आपल्यासाठी एक चांगली रीत ठेवून दिली : आपलं काम घेऊन या, शेजारी बसा, अडलं तर विचारा, येत असेल तर सांगा.

शेटलंडमध्ये शाळांत विणकाम शिकवायचे, ते खर्चाच्या कारणाने २०१० मध्ये बंद झालं. मग गावातल्या जाणत्या बायकांनीच 'पीअरी मॅकर्स' या नावाने मुलांना फुकट शिकवायला सुरुवात केली. पीअरी म्हणजे छोटे. मुलगेही त्यात शिकतात, हे मी आवर्जून विचारून घेतलं.

कोणाला जायचं असेल तर दोन-चार गोष्टी. वर्गांची तिकिटं काही महिने आधी निघतात आणि लगेच संपतात, तेव्हा टोपीचा नमुना आला की लक्ष ठेवा. बोटीवर झोपायची खोली आधी आरक्षित करा. छत्री नेऊ नका, तिथला वारा तिचं काही ठेवत नाही. टोपीचं जॅकेट न्या. रविवारी गावागावांच्या हॉलमध्ये चहापानाचा कार्यक्रम असतो, तो चुकवू नका. थोड्या पैशांत हवे तेवढे केक मिळतात आणि त्या पैशांतून गावातली चांगली कामं होतात. कोणत्याही टेबलावर बसा, ओळख आपोआप होते.

मी आता ग्वाल्हेरहून घरूनच काम करतो. गेल्या हिवाळ्यापासून रविवारी दुपारी आमच्या गच्चीवर पाचसहा जण जमतात. दोन कॉलेजच्या मुली, माझा एक तेलुगू सहकारी, समोरच्या काकू आणि बीजींची नातसून. ती दिल्लीची, लग्न होऊन नुकतीच आली आहे. पहिल्या दिवशी संकोचून दारातच उभी राहिली. आजी खुर्चीवरून म्हणाली, "आ जा बेटा, बैठ. सलाई पे क्या है?"

लर्विकच्या बाईंचं नाताळात पार्सल आलं. आत 'शेला' रंगाची आणखी चार बंडलं होती. मी आजीला त्या रंगाचं नाव सांगितलं. तिने बंडल हातावर तोललं, लोकर बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्यात शेला नाही व्हायचा. मफलर होईल. त्या बाईंना विचार, बॉर्डर कुठल्या रंगाची करू?"